भविष्यकाळाच्या हजेरीपटांतील नांवें

इतिहास हा गतकाळाचाच असावयाचा, अशी आपली सामान्य समजूत असते. परंतु एखाद्या पिढीनें भविष्यकाळाचें जें चित्र रेखाटलें असेल, त्या चित्रालाहि इतिहास असतो. आणि त्यांत कोणास जागा दिली व कोणास वगळलें, यावरून त्या पिढीचें मन फार स्पष्टपणें कळतें. अमेरिकेंतील 'स्टार ट्रेक' या दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथेंत समलिंगी स्त्रीपुरुषांना स्थान कसें मिळत गेलें, तें या दृष्टीनें आज सांगावयाचें योजिलें आहे.

जीन रॉडनबेरी यांची ही मालिका १९६६ च्या सप्टेंबरांत सुरू झाली. यानाच्या संदेशयंत्रापाशीं कृष्णवर्णीय स्त्री अधिकारी, सुकाणूवर जपानी वंशाचे नट जॉर्ज टाकेई, आणि पुढील वर्षापासून एक रशियन अधिकारी, असा तो मेळा होता. त्या वेळीं रशियाशीं शीतयुद्ध चालू होतें आणि अमेरिकेंत वर्णद्वेषाचा प्रश्न पेटलेला होता. म्हणून हें धाडस लहान नव्हे. तथापि १९६९ पर्यंतच्या ७९ भागांत उघडपणें समलिंगी असें एकहि पात्र नाहीं. टाकेई स्वतः समलिंगी. पण ही गोष्ट जाहीरपणें सांगावयास त्यांना २००५ साल उजाडावें लागलें.

१९८७ सालीं दुसरी मालिका निघाली. तिच्यासाठीं डेव्हिड जेरॉल्ड यांनीं 'ब्लड अँड फायर' ही कथा लिहिली. रक्तांत शिरणाऱ्या जंतूंची सांथ, यानावरील लोकांनीं केलेलें रक्तदान आणि त्यांच्यांतच दोन पुरुषांचें एक जोडपें, असें तिचें कथानक होतें. एड्सच्या भीतीनें लोक रक्तदानासहि कचरत होते, तो हा काळ. ती कथा त्या मालिकेंत आलीच नाहीं. १९९२ सालीं 'दि औटकास्ट' या भागांत स्त्रीपुरुषभेद न मानणारा समाज दाखविला व त्यांत स्वतःस स्त्री समजणाऱ्या व्यक्तीवर खटला भरून 'उपचार' केल्याचें दाखविलें. हेतु चांगला होता. पण त्या समाजांतील भूमिका स्त्रियांनाच दिल्यानें प्रश्नाची धार गेली. नायकाचें काम करणारे जोनाथन फ्रेक्स यांनींच पुढें म्हटलें कीं, ती भूमिका पुरुष नटाला द्यावयास हवी होती.

यापुढचें पाऊल १९९५ च्या ऑक्टोबरांत 'डीप स्पेस नाइन' या मालिकेच्या 'रिजॉइन्ड' या भागांत पडलें. ट्रिल नांवाच्या लोकांत एक जीव देहामागून देह बदलीत जगतो व त्याची स्मृति कायम राहते. पूर्वीच्या देहांत पतिपत्नी असलेले दोन जीव पुन्हां भेटतात, तेव्हां दोघेहि स्त्रीदेहांत असतात. दोघी स्त्रिया आहेत म्हणून त्या कथेंत कोणीहि नाक मुरडीत नाहीं. हरकत निराळीच आहे: पूर्वदेहांतील नातें पुन्हां जोडणाऱ्यास तो समाज हद्दपार करतो. एकजण तेंहि सोसावयास तयार होते; दुसरी मात्र निघून जाते. परक्या रूढीचा निरर्थक जाच पाहून प्रेक्षकानें आपल्या घरच्या रूढीकडे वळून पाहावें, अशी ही योजना होती.

तरी प्रवास सरळ झाला नाहीं. २०१६ च्या मार्चमध्यें 'दि हंड्रेड' या दुसऱ्या एका मालिकेंत लेक्सा ही नायिका प्रेयसीशीं मीलन होतांच भलत्यासाठीं झाडलेल्या गोळीनें मेली. अशा पात्रांना सुख मिळालें कीं त्यांचा बळी जावयाचा, या जुन्या खोडीविरुद्ध प्रेक्षकांनीं मोठा गिल्ला केला. २०१७ सालच्या 'स्टार ट्रेक : डिस्कव्हरी' मध्यें शास्त्रज्ञ स्टॅमेट्स आणि डॉक्टर कल्बर हे दोघे पुरुष शेजारीं उभे राहून दांत घासतांना दिसतात. ना भाषण, ना खटला. चार घरांसारखें एक घर! पुढें २०१८ मध्यें कल्बरलाहि मारण्यांत आलें; मात्र २०१९ मध्यें तो परत आणला गेला.

पहिल्या यानापासून त्या दांत घासण्यापर्यंत एक्कावन वर्षें लागलीं. जुन्या बखरींत एखाद्याचें नांव नसलें, तर तो होताच, एवढें आपण शोधून सिद्ध करूं शकतों. पण भविष्यकाळाच्या चित्रांतूनच ज्याला वगळलें, त्याला जणूं असें बजावलें जातें कीं, सर्व अन्याय मिटल्यावरहि तुझी जागा येथें नाहीं. घरांतल्या खोलींत एकटा बसून ती मालिका पाहणाऱ्या मुलाला हें न सांगतांहि कळतें. म्हणूनच त्या हजेरीपटांत उशिरां कां होईना, नांव लागलें, ही गोष्ट केवळ करमणुकीच्या इतिहासांतली मानतां येणार नाहीं.