थिओडोर ड्रायझरची भाषा आणि त्याचे वाचक

कादंबरी मोठी, पण भाषा वाईट, असे एकाच लेखकाबद्दल एकाच दमात म्हणता येईल काय? तुम्ही म्हणाल, भाषाच वाईट तर कादंबरी मोठी होणार कशी? थिओडोर ड्रायझर या अमेरिकन कादंबरीकाराबद्दल त्याच्या वाचकांत नेमका हाच वाद अनेक दशके चालला.

ड्रायझर १८७१ साली इंडियाना राज्यात एका गरीब कुटुंबात जन्मला. बाप जर्मनीहून आलेला. कॉलेजचे शिक्षण जेमतेम वर्षभराचे. पुढे वृत्तपत्रांची बातमीदारी. त्याची पहिली कादंबरी ‘सिस्टर कॅरी’ १९०० साली निघाली. नायिका पापाच्या वाटेने जाते आणि तिला शिक्षा होत नाही, हे प्रकाशकाला रुचले नाही. करार झालेला, म्हणून पुस्तक छापले खरे, पण जाहिरात केली नाही. पहिल्या आवृत्तीच्या पाचशे प्रतीसुद्धा खपल्या नाहीत.

आता भाषेविषयीची तक्रार पाहा. वाक्ये लांब आणि अडखळणारी, एकच गोष्ट तीनतीनदा सांगायची खोड, मध्येच वर्तमानपत्री गुळगुळीत शब्द, तर मध्येच जडजंबाल तत्त्वज्ञान. १९१५ साली प्राध्यापक स्टुअर्ट शर्मन यांनी त्याच्यावर कडाडून हल्ला केला. मात्र त्यांचा रोख भाषेपेक्षा विचारांवर होता: हा माणसाला पशू समजतो! परक्या वंशातून आलेल्यांविषयीची अढीही त्या टीकेत डोकावते. म्हणजे वाद निव्वळ व्याकरणाचा राहिला नव्हता. साहित्याच्या दिवाणखान्यात कोणाला बसू द्यायचे, हाही प्रश्न त्यात होता.

एच. एल. मेंकन यांची गोष्ट तर मोठी गमतीची. ड्रायझरच्या पाल्हाळाची त्यांनी मनसोक्त थट्टा केली. ‘द जीनियस’ ही कादंबरी त्यांना मुळीच आवडली नव्हती. पण १९१६ साली नीतिरक्षक मंडळींनी तिच्यावर गदा आणताच याच गृहस्थांनी शेकडो लेखकांच्या सह्या गोळा करून निषेध केला. भाषा आवडत नाही, पण तिचा गळा दाबू देणार नाही! वाचकाची एवढी प्रामाणिक भूमिका क्वचितच पाहायला मिळते.

१९३० साली सिंक्लेअर लुइस यांनी नोबेल पारितोषिक स्वीकारताना, आपल्यासारख्यांची वाट ड्रायझरने मोकळी केली, असे जाहीरपणे सांगितले. उलट १९४० नंतरच्या दशकात लायनेल ट्रिलिंग यांनी त्याच्या चाहत्यांनाच धारेवर धरले. गरिबाघरचा आहे, मनाने मोठा आहे, म्हणून भाषा माफ, हे कुठले माप? शिवाय ही भाषा खेडवळ आहे म्हणून वाईट नव्हे. ती पुस्तकी अलंकारांचे खोटे खडे मिरवते म्हणून वाईट, असे त्यांचे म्हणणे.

ट्रिलिंग यांचा हा आक्षेप मला खरा वाटतो, पण अपुरा वाटतो. ड्रायझरचे एकेक वाक्य सुटे काढून तोलले तर तो हरतो. पण त्याचे माप वाक्य नव्हे, प्रकरण आहे. कॅरीला बुटांच्या कारखान्यात आठवड्याला साडेचार डॉलर मिळतात. त्यांतले चार बहिणीच्या घरी द्यावे लागतात. अर्ध्या डॉलरात मुलगी काय करील, हे सांगायला अलंकार लागत नाही. पुढे हर्स्टवुड खुर्चीत डुलत वर्तमानपत्र वाचीत बसतो आणि जवळचे पैसे थोडे थोडे सरत जातात. ड्रायझर तो हिशेब पुन्हा पुन्हा मांडतो. कंटाळा येतो ना? त्या माणसाचे दिवस असेच सरत होते. हीच पुनरुक्ती त्याचा अधःपात आपल्या अंगावर आणते.

बरं, या कथेला आणखी एक वळण आहे. १९८१ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने ‘सिस्टर कॅरी’ची मूळ हस्तलिखितावर आधारलेली आवृत्ती काढली. १९०० च्या पुस्तकावर ड्रायझरची पत्नी आणि त्याचा मित्र आर्थर हेन्री यांचा हात फिरला होता, मोठा मजकूर गाळला गेला होता, हे त्या आवृत्तीने वाचकांपुढे ठेवले. म्हणजे ज्या भाषेवर इतकी वर्षे निवाडे झाले, ती सर्वस्वी त्याची एकट्याची नव्हतीच!

तेव्हा वाचकहो, ड्रायझर हाती घ्याल तेव्हा पहिल्या पानावर निकाल देऊ नका. त्याचे वाक्य खुशाल नापसंत करा. पण हर्स्टवुडच्या शेवटच्या दिवसांपर्यंत त्याच्या सोबतीने चला, आणि मग ठरवा.