फॉरेन्सिक सायकॉलॉजी: परदेशी फी भरण्याआधी काय पाहावे?

‘फॉरेन्सिक’ म्हटले की पालकांना पोस्टमॉर्टेम आठवते. फॉरेन्सिक सायकॉलॉजी म्हणजे न्यायसहायक मानसशास्त्र. त्याचा संबंध प्रयोगशाळेशी कमी आणि माणसाच्या मनाशी जास्त. आरोपी, पीडित, साक्षीदार, कैदी यांच्या मानसिक अवस्थेचा हा अभ्यास आहे.

आपल्याकडे याची गरज आहे. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम १५ नुसार १६ ते १८ वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल तर बाल न्याय मंडळाला त्याच्या मानसिक क्षमतेची प्राथमिक तपासणी करावी लागते. त्यासाठी मानसशास्त्रज्ञांची मदत घेता येते. नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग संमतीशिवाय करता येणार नाही, असे सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये सेल्वी खटल्यात सांगितले.

सुरुवात कुठून?
बारावीला सायन्स नव्हते म्हणून रस्ता बंद होत नाही. धोबी तलावचे झेवियर्स किंवा माटुंग्याचे रुईया अशा कॉलेजांतून मानसशास्त्रात बीए करता येते. फोर्टच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थेत फॉरेन्सिक सायन्स शिकवतात. तो विषय वेगळा, गल्लत करू नका.

परदेशात काय?
ब्रिटनमध्ये एमएस्सी साधारण एका वर्षाची असते. पण नुसत्या एमएस्सीने कुणी ‘फॉरेन्सिक सायकॉलॉजिस्ट’ होत नाही. ही पदवी लावायला तिथल्या एचसीपीसी या संस्थेकडे नोंदणी लागते, आणि त्याआधी देखरेखीखाली सुमारे दोन वर्षांचे काम. कोर्सला ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची मान्यता आहे का, आपली भारतीय पदवी त्यांना चालते का, हे आधी लेखी विचारावे. कॉलेजकडून प्रत्येक वर्षाचा अभ्यासक्रम शिक्का मारून घेऊन ठेवा, तो तेव्हा कामी येतो. नेदरलँड्सच्या मास्ट्रिख्टमध्ये हा अभ्यासक्रम इंग्रजीतून दोन वर्षांचा आहे. न्यूयॉर्कच्या जॉन जे कॉलेजात एमए होते. मात्र अमेरिकेत स्वतंत्र प्रॅक्टिससाठी बहुतेक ठिकाणी डॉक्टरेट लागते.

परत आल्यावर?
भारतात ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी हवी. परदेशी फॉरेन्सिक पदवीने ती आपोआप मिळत नाही. म्हणून गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठातला अभ्यासक्रमही तुलनेला ठेवा. घरापासून जवळ, खर्चही कमी.

पैसा
केंद्राची ‘पढो परदेस’ व्याज सवलत २०२२-२३ पासून बंद आहे. तिच्या नावावर कुणी फॉर्मचे पैसे मागितले तर देऊ नका. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचे शैक्षणिक कर्ज आणि राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाची परदेशी शिष्यवृत्ती यांची चौकशी थेट कार्यालयात करा, एजंटकडे नको.

आम्ही शिक्षक म्हणून पालकांना एवढेच सांगू: मुलगी असो वा मुलगा, हा विषय निवडला तर घाबरू नका. पण दागिने मोडण्याआधी विद्यापीठाला एक प्रश्न जरूर विचारा, ‘या पदवीनंतर आमच्या मुलाला नक्की कोणते काम करता येईल?’ उत्तर लेखी आले, की मगच फी भरा.