एका सिद्धतेचा अंमल : फॉन नॉयमान, ग्रेटे हेर्मान आणि स्थानिकतेचा प्रश्न

पुंजयामिकीच्या पायाविषयीच्या वादांचा इतिहास सामान्यतः आइन्स्टाइन आणि बोर यांच्या द्वंद्वाच्या रूपाने सांगितला जातो. ही मांडणी सोयीची खरी. परंतु तिच्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट झाकली जाते. कणाचे गुणधर्म मापनापूर्वीच निश्चित असतात काय, हा वास्तवाचा प्रश्न होय; आणि एका ठिकाणच्या मापनाचा परिणाम दूरच्या ठिकाणी तत्क्षणी होतो काय, हा स्थानिकतेचा. १९३५ मध्ये हे दोन्ही प्रश्न एकत्रच उपस्थित झाले. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे त्यांचा निकाल लागला नाही, याचे कारण केवळ बोर यांच्या प्रभावात शोधून भागत नाही. एका गणिती सिद्धतेचा दबदबाही त्याला तितकाच कारणीभूत आहे.

ही सिद्धता योहान फॉन नॉयमान यांनी १९३२ च्या आपल्या जर्मन ग्रंथात दिली. पुंजयामिकीच्या संभाव्यतांच्या मुळाशी काही गुप्त चले असून त्यांच्या योगे प्रत्येक मापनाचे फल निश्चित होत असेल, ही शक्यता तिने निकालात काढली, असे मानले गेले. सिद्धतेचा आधार एक साधे दिसणारे गृहीतक होते : दोन राशींच्या बेरजेचे माध्य मूल्य हे त्यांच्या माध्य मूल्यांच्या बेरजेइतके असते. पुंजयामिकीतील अवस्थांना हा नियम लागू पडतो, यात शंका नाही. परंतु तो गुप्त चलांनी ठरणाऱ्या काल्पनिक अवस्थांनाही का लागू पडावा? इलेक्ट्रॉनाच्या परिवलनाचे उदाहरण घेतल्यास अडचण तात्काळ ध्यानात येते. योग्य एककांत परस्परलंब अशा दोन दिशांतील परिवलनाचे मूल्य प्रत्येकी +१ किंवा −१ मिळते. त्यांच्या बेरजेच्या राशीचे मूल्य मात्र +√२ किंवा −√२. प्रत्येक मूल्य आधीच निश्चित असेल, तर +१ आणि −१ यांच्या कोणत्याही बेरजेतून √२ निघणे नाही. म्हणजे गृहीतक मान्य करताच गुप्त चले बाद होतात, आणि सिद्ध करावयाचे ते गृहीतकातच येऊन बसते. वस्तुतः ज्या राशी एकाच वेळी मोजता येत नाहीत, त्यांच्या बेरजेसाठी निराळीच उपकरणरचना लागते.

नेमका हा आक्षेप ग्रेटे हेर्मान यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केला. ग्योटिंगेन येथे एमी नोएटर यांच्या मार्गदर्शनाखाली गणिताचा अभ्यास केलेल्या या विदुषीने लाइप्सिक येथे हायझेनबेर्ग यांच्या वर्तुळातही चर्चा केली होती. तथापि त्यांचा निबंध फ्रीस यांच्या तत्त्वज्ञानसंप्रदायाच्या नियतकालिकात आला, आणि भौतिकीविदांनी त्याची दखल घेतली नाही. अलीकडे त्यांना गुप्त चलांच्या कैवारी म्हणून रंगविले जाते, ते मात्र यथार्थ नव्हे. पुंजयामिकीत कार्यकारणभाव वेगळ्या रीतीने अबाधितच राहतो, त्यासाठी गुप्त चलांची गरज नाही, असा त्यांचा पक्ष होता. फॉन नॉयमान यांच्यावरही काही आधुनिक अभ्यासकांच्या मते अन्याय झाला आहे. त्यांचा दावा मुळात मर्यादित होता आणि तो व्यापक केला तो वाचकांनी. ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९५५ मध्ये झाले, हे लक्षात घेता अनेकांनी ही सिद्धता न वाचताच प्रमाण मानली असावी.

त्याच १९३५ मध्ये आइन्स्टाइन, पोडोल्स्की व रोझेन यांचा सुप्रसिद्ध निबंध निघाला. त्याचे लेखन पोडोल्स्की यांनी केले होते, आणि मुख्य मुद्दा पांडित्याखाली गाडला गेला, अशी तक्रार आइन्स्टाइन यांनी जूनमधील एका पत्रात श्रोडिंगर यांच्याकडे केली. त्यांना अभिप्रेत मुद्दा होता तो अलगतेचा : दूर असलेल्या दोन वस्तूंपैकी एकीची वास्तव स्थिती दुसरीवर काय केले जाते यावर अवलंबून असता कामा नये. निश्चिततावादाचा हट्ट हा त्या युक्तिवादाचा गाभा नव्हे.

१९५२ मध्ये डेव्हिड बोम यांनी पुंजयामिकीचीच भाकिते देणारा गुप्त चलांचा सिद्धांत प्रत्यक्ष मांडून दाखविला. लुई द ब्रॉग्ली यांनी १९२७ मध्ये सुचवून पुढे सोडून दिलेल्या कल्पनेचा हा विकास होता. अशक्य ठरविलेली गोष्ट समोर उभी होती. तरी बहुतेकांनी तिच्याकडे पाठ फिरविली. जॉन बेल यांनी मात्र दोन प्रश्न विचारले. सिद्धतेत दोष कोठे आहे? आणि बोम यांच्या सिद्धांतात दूरच्या उपकरणाचा जो तत्क्षणी प्रभाव दिसतो, तो टाळता येईल काय? पहिल्याचे उत्तर देऊन दुसरा प्रश्न उपस्थित करणारा निबंध संपादकीय कचेरीतील घोटाळ्यामुळे १९६६ मध्ये छापला गेला. दुसऱ्याचे उत्तर देणारा १९६४ मध्येच आला होता. ते उत्तर नकारार्थी होते. ज्या सिद्धांतात असा प्रभाव नाही, त्यातील सहसंबंधांना एक मर्यादा पडते. १९६९ मध्ये क्लाउझर, हॉर्न, शिमोनी व होल्ट यांनी दिलेल्या रूपात ती २ आहे, तर पुंजयामिकी २√२ पर्यंत, म्हणजे सुमारे २.८३ पर्यंत जाते.

१९७२ मध्ये फ्रीडमन व क्लाउझर यांनी आणि १९८१-८२ मध्ये आस्पे व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले प्रयोग पुंजयामिकीच्या बाजूने गेले. २०१५ मध्ये डेल्फ्ट येथे १.३ किलोमीटर अंतरावरील इलेक्ट्रॉनांवर २.४२ हे मूल्य मिळाले. त्याच वर्षी व्हिएन्ना व बोल्डर येथील प्रयोगांनीही पूर्वीच्या प्रमुख पळवाटा बुजविल्या.

या निकालांनी ‘स्थानिक वास्तववाद’ खंडित झाला, असे म्हणण्याचा प्रघात आहे. या जोडशब्दामुळे स्थानिकता आणि वास्तववाद ही दोन स्वतंत्र गृहीतके असून त्यांपैकी दुसरे सोडले की पहिले वाचते, असा समज होतो, आणि अनेक मान्यवर भौतिकीविद तसे मानतात. परंतु १९६४ चा निबंध आरंभापासून वाचल्यास दिसते की बेल मूल्यांची पूर्वनिश्चितता गृहीत धरीत नाहीत. एका कणाचे मापन करून दुसऱ्याचे फल अचूक सांगता येते आणि तिकडे तर काहीच ढवळाढवळ झालेली नाही, म्हणून ते फल आधीच ठरलेले असले पाहिजे, असे ते आइन्स्टाइन यांच्याच वाटेने स्थानिकतेतून निष्पन्न करतात.