धडा फुकट, परीक्षा हजार रुपयांची

संगणकशास्त्राच्या मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांबद्दल गेल्या दहा-पंधरा वर्षांत जो उत्साह दिसतो, त्याचं सगळं श्रेय इंटरनेटला देण्याची सवय आपल्याला लागली आहे. बुलढाण्यासारख्या जिल्ह्याचा इतिहास पाहिला तर हे श्रेय अपुरं वाटतं. रेल्वे इथे घाटाखालून धावते. मलकापूर, नांदुरा, शेगाव मुख्य मार्गावर आहेत आणि खामगावला जलंबहून फाटा आहे. घाटावरच्या चिखली, मेहकर, लोणारला आणि खुद्द जिल्ह्याच्या गावालाही रेल्वे नाही. अशा भागात अभियांत्रिकीचं शिक्षण आलं ते 1983 मध्ये. विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना राज्य सरकारने परवानगी दिली, त्याच वर्षी 1 मे रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झालं आणि शेगावच्या गजानन महाराज संस्थानाने अभियांत्रिकी महाविद्यालय उभं केलं. पुढे चिखली, मलकापूर, बुलढाणा इथेही महाविद्यालयं निघाली. वर्ग, प्रयोगशाळा आणि प्रश्न विचारायला समोर माणूस, एवढं या संस्थांनी जिल्ह्यात आधीच आणून ठेवलं होतं. मोफत धड्यांना मुळं धरता आली ती या जमिनीत, असं माझं म्हणणं आहे.

धडे फुकट मिळू लागले त्याला बराच काळ लोटला. अमेरिकेतल्या एमआयटीने आपलं अभ्याससाहित्य खुलं करण्याची घोषणा 2001 मध्ये केली. आपल्याकडे सात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी 2003 मध्ये एनपीटीईएल हा व्याख्यानांचा उपक्रम सुरू केला. त्याची व्याख्यानं आधी 'एकलव्य' या दूरचित्रवाणी वाहिनीवर दिसत, मग यूट्यूबवर आली. दिल्ली आयआयटीच्या नवीन गर्ग यांची डेटा स्ट्रक्चर्सवरची व्याख्यानं देशभरच्या विद्यार्थ्यांनी पाहिली. तरीही दहाएक वर्षं हे सगळं एखाद्या उत्तम ग्रंथालयासारखंच राहिलं. ज्याला गरज वाटली त्याने एखादं प्रकरण काढून पाहावं, परीक्षेच्या आदल्या रात्री अडलेला भाग समजून घ्यावा, इतकाच त्याचा उपयोग. पदवीच्या गुणपत्रिकेत त्या कष्टाची नोंद कुठेच नव्हती. बदल 2014 मध्ये झाला. त्या वर्षी एनपीटीईएलने ठरावीक आठवड्यांचे अभ्यासक्रम आणि केंद्रावर हजर राहून द्यायची परीक्षा सुरू केली. शिकणं फुकट, परीक्षेचं शुल्क साधारण हजार रुपये. 2016 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने अशा अभ्यासक्रमांचे श्रेयांक 20 टक्क्यांपर्यंत ग्राह्य धरण्याची तरतूद केली, जुलै 2017 मध्ये 'स्वयम्' हे केंद्र सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ आलं आणि महाविद्यालयांत एनपीटीईएलचे लोकल चॅप्टर, म्हणजे स्थानिक केंद्रं, उघडत गेली.

यावर सरळ आक्षेप असा येईल की सप्टेंबर 2016 मध्ये जिओमुळे डेटा स्वस्त झाला, खरं कारण तेच. परीक्षेचं महत्त्व उगाच वाढवू नये. स्वस्त डेटाचं मोल मी नाकारत नाही. त्याशिवाय लोणार किंवा संग्रामपूर तालुक्यातल्या मुलाला तासाभराचं व्याख्यान मोबाइलवर पाहणं परवडलंच नसतं. पण वेगवान इंटरनेट पुरेसं असतं तर 2011 मध्ये स्टॅनफर्डच्या सेबास्टियन थ्रुन आणि पीटर नॉर्विग यांच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वर्गाचं चित्र वेगळं दिसलं असतं. जगभरातून सुमारे 1,60,000 जणांनी नावं नोंदवली आणि सुमारे 23,000 जणांनी अभ्यासक्रम पुरा केला. शिक्षक नामांकित, विषय आकर्षक, गृहपाठाला मुदतही होती. विद्यापीठाचे श्रेयांक मात्र नव्हते आणि बहुतेकांच्या शेजारी सोबत शिकणारा कोणी नव्हता. एनपीटीईएलमध्येही नाव नोंदवणारे पुष्कळ आणि परीक्षेला बसणारे बरेच कमी असतात. नेमकी ही दरी कमी करण्याचं काम गावातलं महाविद्यालय करू शकतं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. परीक्षा जोडली की शिकणं मागे पडतं, प्रमाणपत्रांची फाइल तेवढी जाड होते. आठवड्याच्या असाइनमेंटची उत्तरं मोबाइलवरून फिरतात, हे कोणत्याही शिक्षकाला ठाऊक आहे. म्हणूनच गुणांची विभागणी पाहण्यासारखी आहे: असाइनमेंटना 25 टक्के, केंद्रावरच्या परीक्षेला 75 टक्के, आणि दोन्हींत किमान गुण वेगवेगळे मिळवावे लागतात. उत्तरं उतरवून पंचवीस पदरात पडतील, उरलेले पंचाहत्तर पडणार नाहीत. ही व्यवस्था निर्दोष नाही, कारण बहुपर्यायी प्रश्नांतून कोणाला प्रोग्रॅम लिहिता येतो हे कळत नाही. म्हणूनच ज्या अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष प्रोग्रॅम लिहून द्यावे लागतात ते मला जास्त मोलाचे वाटतात.

भाषेचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे. मूळ व्याख्यानं इंग्रजीत. ऐकणारा मराठी शाळेतून आलेला. मुंबई आयआयटीच्या कन्नन मौदगल्य यांच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने छोटे पाठ मराठीतूनही दिले, आणि 2021 मध्ये पुण्याच्या पिंपरी चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयाला संगणक अभियांत्रिकी मराठीतून शिकवण्याची मान्यता मिळाली. दोन्ही पावलं चांगली, पण रिकर्शन म्हणजे काय हे अडलेल्या मुलाला त्याच्या बोलीत, त्याच्या चुकलेल्या ओळीवर बोट ठेवून सांगणारा माणूस जवळपासच असावा लागतो. एनपीटीईएलच्या रचनेत त्याला मेंटॉर म्हणतात. पण 2021 मध्ये ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या श्रेयांकांची मर्यादा 40 टक्क्यांवर गेली. व्याख्यान मद्रास आयआयटीतून येतंच आहे, मग इथे प्राध्यापक कशाला, असा हिशेब आता कोणीही मांडू शकेल. तो मांडला जाण्याआधी विद्यापीठाने मेंटॉरचे तास अध्यापनाच्या कार्यभारात धरावेत, आणि जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी त्या तासांसाठी पूर्णवेळ माणसं नेमावीत.