खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा : लाभ आणि मर्यादा

बंगळुरू : प्रजासत्ताक दिन व स्वातंत्र्य दिनानिमित्त लालबागेत भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनाची बहुतांश छायाचित्रे आता मोबाइलवरच टिपली जातात. जपानी उत्पादकांनी 2010 मध्ये लेन्स न बदलता येणारे 10 कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात पाठवले होते. 2023 मध्ये ही संख्या 20 लाखांच्याही खाली आली. तरीही अशा कॅमेऱ्याची उपयुक्तता संपलेली नाही.

लाभ : ऑप्टिकल झूममध्ये भिंगे सरकून दूरचे दृश्य जवळ आणतात. त्यामुळे काचघरातील पुष्परचना गर्दीतूनही स्पष्ट टिपता येते. मोबाइलचा डिजिटल झूम प्रतिमेचा भाग कापून मोठा करतो. त्यात तपशील हरवतो. शिवाय छायाचित्रणात फोनची बॅटरी खर्ची पडत नाही.

मर्यादा : स्वस्त कॅमेऱ्यांतील सेन्सर सुमारे 6.2 बाय 4.6 मिलिमीटरचा असतो. अनेक मोबाइलचे सेन्सर याहून मोठे असल्याने मंद प्रकाशात मोबाइल सरस ठरतो. ‘एक इंची’ सेन्सरचे क्षेत्रफळ याच्या चौपट असते. सोनीने 2012 मध्ये ‘आरएक्स100’द्वारे तो खिशात आणला, मात्र असे कॅमेरे महाग असतात. बाहेर सरकणाऱ्या लेन्समध्ये धूळ शिरण्याचाही धोका असतो.

खरेदीपूर्वी मेगापिक्सेलपेक्षा सेन्सरचा आकार आणि ऑप्टिकल झूम पाहावा. जुना कॅमेरा घेताना त्याची बॅटरी व मेमरी कार्ड अद्याप मिळते का, याची खात्री करावी. काही जुन्या कॅमेऱ्यांना लागणारी ‘एक्सडी’ कार्डे आता बनत नाहीत.