उपास कीं अजीर्ण? – मर्लिन इंजिनाची कथा

कंदिलाची वात गरजेपेक्षां जास्त वर केली तर उजेड वाढण्याऐवजीं ज्योत तांबूस होऊन भडकते आणि कांचेवर काजळी धरते, हें जुन्या घरांतून वाढलेल्यांना सांगावयास नको. तेल भरपूर असतें, पण तें जाळावयास हवा अपुरी पडते. पेट्रोलच्या इंजिनालाही हाच विकार जडतो. एक भाग पेट्रोल पुरतें जळण्यास वजनानें सुमारें पंधरा भाग हवा लागते, आणि हें प्रमाण राखण्याचें काम पूर्वी बहुधा कार्बुरेटर या भागाकडे असे. पेट्रोल फार झालें कीं इंजिन काळा धूर ओकतें, गुदमरतें व शेवटीं बंद पडतें. रस्त्यावरील मोटार अशी थांबली तर माणूस खालीं उतरून झांकण उघडतो. परंतु १९४० सालीं हा विकार ज्या इंजिनांत दिसून आला, तें बंद पडलें असतां खालीं उतरण्याची सोय नव्हती.

तें इंजिन म्हणजे रोल्स-रॉइस कंपनीचें मर्लिन. बारा सिलिंडरांचें हें इंजिन स्पिटफायर व हरिकेन या ब्रिटिश लढाऊ विमानांत बसविलेलें असे. उंचावर हवा विरळ होते व इंजिनाचा दम तुटतो. म्हणून सुपरचार्जर नांवाचा वेगवान पंखा हवा दाबून आंत भरी. हवा अधिक, म्हणून पेट्रोलही अधिक. आणि तें पुरविणारा पंपही तसाच जोरकस. मर्लिनमध्यें कार्बुरेटर या पंख्याच्या आधीं बसविलेला होता, त्यास कारण होतें. पेट्रोलची वाफ होतांना तें हवेंतील उष्णता शोषून घेतें (आपल्या माठांतील पाणी ज्या न्यायानें गार होतें त्याच न्यायानें), आणि गार हवा दाट असल्यामुळें इंजिनाची शक्ति वाढते. उलट, जर्मनांच्या मेसरश्मिट १०९ या विमानांतील डाइम्लर-बेन्झ इंजिनांत कार्बुरेटरच नव्हता. पेट्रोल पिचकारीनें थेट सिलिंडरांत सोडलें जाई. या दोहोंपैकीं एक पद्धत शहाणपणाची व दुसरी वेडेपणाची असें म्हणणें मला पटत नाहीं. इंग्रजांनीं शक्ति कमावली, परंतु तिची किंमत निराळ्या ठिकाणीं मोजली.

ती किंमत अशी. मेसरश्मिटच्या पाठीस लागलेला स्पिटफायर अगदीं मागें येऊन ठेपे. इतक्यांत जर्मन वैमानिक दांडी पुढें ढकली आणि सरळ खालीं बुडी मारी. स्पिटफायरनेंही तसेंच केलें कीं त्याचें इंजिन आचका देऊन थांबे, आणि तेवढ्या क्षणांत सावज निसटे. स्वतः पळतांना हा प्रकार घडला तर काय होत असेल, तें सांगावयास नको. म्हणून ब्रिटिश वैमानिक आधीं विमान उलथें करीत व मग बुडी मारीत. त्यांत अमोल सेकंद जात.

याचें सहज सुचणारें कारण असें कीं, विमानाचें नाक एकाएकीं खालीं गेलें म्हणजे कार्बुरेटरच्या लहानशा टाकींतील पेट्रोल छताकडे फेंकलें जातें, तळाची वाट कोरडी पडते आणि इंजिन उपाशी राहतें. हें स्पष्टीकरण खोटें नव्हतें, पण अर्धेंच होतें. उपासाचा हा आचका क्षणभराचा असे. खरा घात त्यामागून येई, आणि त्याची खूण होती एक्झॉस्टमधून निघणारा काळा धूर. उपाशी इंजिन काळा धूर सोडीत नाहीं! टाकींतील तरंगता गोळा पेट्रोलची पातळी पाहून झडप उघडी-बंद करतो. पेट्रोल वर गेल्यावर तो उलटा खालीं जाई, टाकी रिकामी आहे असा त्याचा ग्रह होई आणि झडप सताड उघडे. मग तो जोरकस पंप टाकी तुडुंब भरी, व जास्तीचें पेट्रोल सुपरचार्जरमधून इंजिनांत लोटे. म्हणजे रोग आरंभीं उपासाचा, पण बळी घेणारा अजीर्णाचा.

यावर उतारा सुचविला तो फार्नबरो येथील रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमधील बीॲट्रिस शिलिंग या बाईंनीं. १९०९ सालीं जन्मलेल्या या बाई मँचेस्टर विद्यापीठांत शिकलेल्या इंजिनिअर. मोटारसायकलींचा नाद असा कीं, १९३४ सालीं ब्रुकलंड्सच्या गोल रस्त्यावर त्यांनीं नॉर्टन गाडी ताशीं १०६ मैलांनीं पिटाळली होती.

त्यांचा विचार सरळ होता. गोळ्याचा ग्रह बदलतां येत नसेल, तर न बदलो. झडप कितीही उघडली तरी गरजेपेक्षां जास्त पेट्रोल येऊंच नये अशी तजवीज करावी. इंजिन पूर्ण जोरानें चालतांना जेवढें पेट्रोल खातें, नेमकें तेवढेंच जाऊं शकेल असें छिद्र असलेली धातूची लहानशी चकती त्यांनीं कार्बुरेटरच्या आधीं पेट्रोलच्या नळींत बसविली. छिद्र लहान झालें तर भर लढाईंत शक्ति कमी पडणार, मोठें झालें तर पूर येणार; तेव्हां सारी मख्खी मापांत होती, आणि सुपरचार्जरचा दाब निरनिराळा तसें मापही निरनिराळें ठेवावें लागे. १९४१ च्या मार्चपर्यंत बाई आपल्या लहानशा तुकडीसह विमानतळोविमानतळीं हिंडून ह्या चकत्या बसवूं लागल्या होत्या. विमानें त्यासाठीं कारखान्यांत न्यावीं लागलीं नाहींत. तथापि ब्रिटनवरील हवाई लढाई १९४० च्या ऑक्टोबरांतच ओसरली होती. त्या लढाईंत पडलेल्यांना चकती लाभली नाहीं.

वैमानिकांनीं या चकतीस 'मिस शिलिंगचें छिद्र' असें नांव दिलें. त्यांत शिपाईगड्यांची थोडी वाह्यात थट्टाही होती. वास्तविक बाईंचा विवाह १९३८ सालींच जॉर्ज नेलर यांच्याशीं झाला होता, पण छिद्राला चिकटलें तें माहेरचेंच नांव.

हा उतारा पुरता नव्हता, आणि त्या स्वतःही तो पुरता समजत नव्हत्या. उपासाचा पहिला आचका राहिलाच होता, आणि विमान उलथें ठेवून फार वेळ उडतां येत नसे. १९४३ सालीं बेंडिक्सचा, तरंगत्या गोळ्याची टाकीच नसलेला व दाबानें पेट्रोल सोडणारा कार्बुरेटर मर्लिनवर आला, तेव्हां ही अडचण मुळांतूनच गेली. शिलिंगबाई फार्नबरो येथें १९६९ पर्यंत काम करीत होत्या.