शब्दवेध : वेध

'वेधशाळा' हा शब्द मुलं पाठ करतात, पण त्यातल्या 'वेध'पाशी फारसं कुणी थांबत नाही. संस्कृतात 'व्यध्' म्हणजे टोचणं, आरपार भेदणं. बाळाचे कान टोचतात तो कर्णवेध, अर्जुनानं माशाचा डोळा फोडला तो मत्स्यवेध. आकाशाकडे पाहणाऱ्यांनी हाच शब्द उचलला, आणि तो अगदी चपखल आहे. ताऱ्याचा वेध म्हणजे नुसतं बघणं नव्हे. पोकळ नळी ताऱ्यावर रोखायची, ती क्षितिजापासून किती अंश वर आहे ते मोजायचं, वेळ टिपायची, आणि हे रात्रीमागून रात्री करायचं. कोकणातल्या नांदगावचे केशव दैवज्ञ असेच वेध घेऊन ग्रहांची गणितं तपासत. त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांचा 'ग्रहलाघव' १५२० सालचा. त्यावरून पुढे शतकानुशतकं पंचांगं झाली.

ग्रहणाचे 'वेध' मात्र वेगळे. सूर्यग्रहणाआधी चार प्रहर, चंद्रग्रहणाआधी तीन प्रहर ते पाळायची रूढी. परीक्षा संपत आली की लागणारे सुट्टीचे वेध बहुधा तिथूनच आले.

आज जुन्नर तालुक्यात खोडदला डोळा न लावताच वेध घेतात. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना तिथे आणि आसपासच्या परिसरात आकाशातल्या रेडिओ लहरी टिपतात. विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे प्रदर्शन भरतं. मुलांना घेऊन जरूर जा.